मुक्यांचा नायक, वृत्तपत्रांचा टीकाकार

पदव्युत्तर वर्गात मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवण्याचा एक ठरून गेलेला क्रम आहे. ६ जानेवारी १८३२ चे बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', मग भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' आणि त्यातील लोकहितवादींची शतपत्रे, पुढे १८८१ चा 'केसरी', १८८८ चा 'सुधारक', आणि तेथून थेट विसाव्या शतकातील दैनिके. या क्रमात 'मूकनायक'ला एखादे वाक्य मिळते. बदलापूरपलीकडच्या चामटोलीहून वर्गाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, 'मूकनायक' वृत्तपत्रांच्या इतिहासात एका ओळीत येते आणि दलित साहित्याच्या प्रेरणांमध्ये चार पानांत येते, असे का?" प्रश्न साधा होता. उत्तर मात्र तयार नव्हते. अभ्यासक्रमाचे विभाग ज्याने आखले त्याने तसे आखले, एवढेच तेव्हा सांगता आले. पण आपल्या वाङ्मयेतिहासाची एक सवय त्या प्रश्नाने उघडी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्रे काढली, हे आपण नोंदवतो. ती काढताना त्यांनी मराठी वृत्तपत्रव्यवसायाची सलग, तर्कशुद्ध आणि पुराव्यानिशी समीक्षा केली, याची नोंद आपण क्वचितच घेतो. चळवळीचे मुखपत्र म्हणून 'मूकनायक' आपल्याला ठाऊक आहे. वृत्तपत्रांवरील टीका म्हणून त्याचे वाचन फारसे झालेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. १९२० ते १९४५ या पंचवीस वर्षांत आंबेडकरांनी वृत्तपत्रांना तीन निरनिराळे प्रश्न विचारले. पहिला जागेचा, दुसरा मापाचा आणि तिसरा पैशाचा. प्रत्येक प्रश्न आधीच्या प्रश्नाच्या पोटातून निघालेला आहे, आणि या प्रश्नांची किंमत त्यांनी स्वतःच्या पत्रांच्या रूपाने मोजलेली आहे.

'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत निघाला. पत्र पाक्षिक होते. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून त्यांचे नाव छापणे शक्य नव्हते. पत्रावर नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता. आता संकोच कसला, बोललेच पाहिजे, न बोलणाऱ्याची बाजू घेणारे या जगात कोणी नाही, असा त्याचा आशय. पत्राचे नावही त्या अभंगातील भावाशी जुळलेले. यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. मुक्यांना वाचा देण्यासाठी निघालेल्या पत्राचा खरा लेखक स्वतःच्या पत्रात निनावी होता. आपले नाव न छापता आपले म्हणणे छापायचे, ही बिकट वाट त्याला चालावी लागली.

पहिल्या अंकातील 'मनोगत' हे मराठीतील वृत्तपत्रसमीक्षेचे एक महत्त्वाचे टिपण आहे. नव्या पत्राचा पहिला अग्रलेख म्हटला म्हणजे उद्देश, अपेक्षा आणि वर्गणीदारांना विनंती असा त्याचा साचा ठरलेला असे. आंबेडकर मात्र मुंबई इलाख्यात निघणाऱ्या पत्रांचा आढावा घेतात. त्यांतील बरीचशी पत्रे एका विशिष्ट जातीचे हित पाहणारी आहेत, इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नसते, एवढेच नव्हे तर कधीकधी त्या हिताला बाध येईल असेही त्यांतून लिहिले जाते, हे त्यांचे पहिले निरीक्षण. नंतर ते एक इशारा देतात. समाज आगबोटीसारखा आहे. शेजारच्या उतारूची फजिती पाहण्यासाठी त्याच्या खोलीला भोक पाडणाराही शेवटी त्याच बोटीबरोबर बुडणार. अर्थात दुसऱ्या जातीची हानी करून आपल्या जातीचे कल्याण साधणाऱ्या पत्राचे गणितच चुकलेले असते. याच मनोगतात हिंदू समाजाची मनोऱ्याशी केलेली तुलना येते. एकेक जात म्हणजे त्या मनोऱ्याचा एकेक मजला, पण मजल्यांना जोडणारा जिना नाही. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. ही प्रतिमा आपण समाजशास्त्राच्या संदर्भात अनेकदा वापरतो. ती मुळात वृत्तपत्रांच्या चर्चेत आलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. वरच्या मजल्यावरची बातमी खाली येते, खालच्या मजल्यावरची वर जात नाही. जिना नसलेल्या घरात वृत्तपत्र कोणत्या मजल्यावर छापले जाते, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

या मनोगताचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातील न्यायबुद्धी. 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' अशा पत्रांची नावे घेऊन, बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा त्यांतून होते हे ते मान्य करतात. मात्र ब्राह्मणेतर या मोठ्या संज्ञेखाली अनेक जातींचे प्रश्न एकत्र येत असल्याने अस्पृश्यांच्या प्रश्नांना तेथे पुरेशी जागा मिळत नाही, असे ते दाखवतात. येथे टीकेचे लक्ष्य केवळ विरोधक नाहीत. सहानुभूती असलेल्यांच्या पत्रातही रकाने मोजके असतात आणि त्या रकान्यांची वाटणी कोण करतो यावर सारे अवलंबून असते, हा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. आपल्याविषयी कोणी चांगले लिहिणे आणि आपल्याला लिहिण्याची जागा असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

त्यांच्या आधीही या वाटेवर माणसे चाललेली होती. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'दीनबंधु' सुरू केले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवले. गोपाळबाबा वलंगकरांनी 'दीनबंधु' आणि 'सुधारक' यांतून लिहिले आणि 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले. पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले, आणि विदर्भात किसन फागोजी बनसोड्यांनी एकामागून एक पत्रे काढली. ही पत्रे निघाली आणि थोड्याच काळात बंद पडली. या सर्वांची आठवण 'मनोगत' लिहिताना आंबेडकरांपुढे होती. बंद पडलेल्या पत्रांची ही परंपरा हाच त्यांच्या लेखी एक पुरावा होता. ज्या समाजाची पत्रे टिकत नाहीत, त्याची अडचण केवळ लेखकांच्या अभावाची नसते.

जागेच्या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा त्यांना लवकरच मिळाला. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'कडे करण्यात आली होती आणि ती नाकारण्यात आली. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. ही हकीकत आंबेडकरांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून नोंदवली. ती आज सर्वश्रुत आहे. मात्र तिचा उपयोग बहुधा टिळकांवरील किंवा 'केसरी'वरील आरोपासाठी होतो आणि वाद तेथेच अडकतो. या प्रसंगातील कळीची गोष्ट वेगळी आहे. अग्रलेखाची जागा संपादकाची असते, ती तो कोणाला द्यावी हा त्याचा अधिकार. जाहिरातीची जागा मात्र बाजारातली असते. दाम मोजणाऱ्याला ती मिळावी, असा व्यवहार आहे. येथे दाम मोजायची तयारी असूनही जागा मिळाली नाही. म्हणजे चावडीवर, विहिरीवर, देवळात जो नियम चालत होता तोच छापखान्यातील जाहिरातीच्या रकान्यातही चालत होता. पुढे पैशाच्या प्रश्नापर्यंत आंबेडकर गेले, त्याचे बीज या नकारात आहे असे मानायला हरकत नाही.

इतिहासाची एक आडवाट येथे सांगितली पाहिजे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा महात्मा फुल्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी जामिनाची रक्कम भरली. डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी दोघे सुटले तेव्हा सत्यशोधक मंडळींनी त्यांचा सत्कार केला. फुल्यांचे आणि 'केसरी'कारांचे विचार जुळत नव्हते, तरी लिहिण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आला तेव्हा खालच्या मजल्यावरून मदतीचा हात वर गेला होता. अडतीस वर्षांनी वरून खाली एक जाहिरातही आली नाही. मराठी वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले पाहिजेत. केवळ सरकार आणि संपादक यांच्यातील झगडा म्हणून तो इतिहास लिहिला तर त्याचा अर्धाच भाग हाती लागतो. वृत्तपत्र सरकारपासून स्वतंत्र असू शकते आणि त्याच वेळी जातीच्या ताब्यात असू शकते, हे आंबेडकरांच्या टीकेचे सार आहे.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर लंडनला गेले. 'मूकनायक' ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांच्या हाती आले आणि १९२३ मध्ये बंद पडले. परत आल्यावर वकिली, बहिष्कृत हितकारिणी सभा आणि कायदेमंडळ या व्यापात त्यांची काही वर्षे गेली. पुन्हा पत्र काढण्याची निकड महाडने निर्माण केली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने संमत केला होता. त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील मंडळी तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले. घडलेल्या गोष्टी एवढ्या स्पष्ट असतानाही त्यांचे वृत्तपत्रीय रूप निराळे होऊ लागले, आणि तेव्हा ३ एप्रिल १९२७ रोजी, घटनेपासून अवघ्या दोन आठवड्यांत, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक म्हणून त्यांचे नाव होते. शीर्षभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या.

'बहिष्कृत भारत'मधील 'आजकालचे प्रश्न' आणि 'प्रासंगिक विचार' ही सदरे वृत्तपत्रसमीक्षेच्या दृष्टीने मुद्दाम वाचावीत. आंबेडकर 'केसरी', 'भाला' यांसारख्या पत्रांचे बारकाईने वाचन करतात. प्रतिपक्षाचे म्हणणे ते आधी नीट मांडतात, त्यातील गृहीतक बाजूला काढतात आणि मग त्याच गृहीतकाने प्रतिपक्षाला अडचणीत आणतात. ही वकिलाची रीत आहे खरी, पण तिच्यामागे एक वाङ्मयीन शिस्तही आहे. तिला मी मापाचा प्रश्न म्हणतो. एकाच वृत्तपत्राच्या एका पानावर एक माप आणि दुसऱ्या पानावर दुसरे, असे का?

उदाहरणे अनेक आहेत, दोन पुरेत. पहिले स्वराज्याचे. 'मूकनायक'च्या काळातच त्यांनी 'स्वराज्याची सर सुराज्याला नाही' आणि 'हे स्वराज्य नव्हे, हे तर आमच्यावर राज्य' अशा शीर्षकांचे अग्रलेख लिहिले होते. ही दोन शीर्षके एकत्र वाचली तर त्यांची भूमिका स्पष्ट होते. स्वराज्याच्या मागणीला त्यांचा नकार नाही, उलट चांगल्या परकी राज्यापेक्षा स्वराज्य थोर, हे तत्त्व ते मान्य करतात. मग त्याच तत्त्वाने ते विचारतात की ज्या स्वराज्यात आम्हांला वाटा नाही ते आमच्यासाठी कोणाचे राज्य? पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी लिहिले की टिळकांचा जन्म अस्पृश्यांत झाला असता तर जन्मसिद्ध हक्काची त्यांची घोषणा स्वराज्याऐवजी अस्पृश्यतानिवारणासाठी झाली असती. हा टिळकांचा उपहास नाही. त्यांच्याच वाक्याला ते एक नवा वक्ता देऊन पाहतात. वाक्य तेच ठेवून बोलणारा बदलला की त्या वाक्याची व्याप्ती किती, हे कळते. साहित्याच्या विद्यार्थ्याने याहून चांगला वाचनाचा पाठ कोठे शोधावा?

दुसरे उदाहरण मनुस्मृतिदहनाचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. त्यावर वृत्तपत्रांतून बरीच टीका झाली. ग्रंथ जाळून काय साधले, असा प्रश्न विचारण्यात आला. आंबेडकरांनी उत्तरादाखल विलायती कापडाच्या होळ्यांची आठवण दिली. कापड जाळणे ही गुलामगिरीच्या निषेधाची खूण मानून ज्यांनी त्या होळ्यांचे कौतुक केले, त्यांना ग्रंथदहनातील खूण मात्र कळेनाशी व्हावी, यातील विसंगती त्यांनी दाखवली. तर्क तोच, फक्त माप सर्वांना सारखे. वृत्तपत्राच्या भूमिकेवर टीका करताना त्याच वृत्तपत्राची जुनी फाईल उघडून ठेवणे, ही पद्धत पुढे माध्यमांच्या अभ्यासकांनी जगभर वापरली. मराठीत तिचा एवढा कसून वापर १९२७-२८ सालीच झाला होता.

या मापाच्या प्रश्नाला एक हृद्य आणि करुण उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. ८ एप्रिल १९२८ रोजी पुण्याच्या गायकवाडवाड्यात, म्हणजे जेथून 'केसरी' निघत असे त्याच वाड्यात, समाज समता संघाच्या शाखेचे उद्घाटन झाले. पुढाकार लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांचा होता, आणि आंबेडकर तेथे उपस्थित होते. आठ वर्षांपूर्वी ज्या वाड्याने 'मूकनायक'ची दामाची जाहिरात परतवली, त्याच वाड्यात सहभोजन झाले. पण दीडच महिन्याने, २५ मे १९२८ रोजी, श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात, २९ जून १९२८ रोजी, समाज समता संघाचे 'समता' हे पाक्षिक देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली निघाले. या घटनांवर नाट्यमय भाष्य करण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एवढे मात्र खरे की आंबेडकरांची टीका व्यक्तींवर नव्हती, व्यवस्थेवर होती. तशी ती नसती तर त्या वाड्यात ते पाऊल ठेवते ना.

आता स्वतःच्या पत्राकडे पाहू. 'बहिष्कृत भारत' चालवणे म्हणजे काय होते याचे चित्र ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकातील एका लेखात मिळते. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हे त्याचे शीर्षक. हा लेख म्हणजे वाचकांपुढे मांडलेला हिशेब आहे. चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागतात, त्याबद्दल एक पैही घेतलेली नाही, वकिलीचा धंदा सांभाळून, दिवसा वेळ नाही म्हणून रात्री जागून हे काम होते, असे ते सांगतात आणि मग वाचकाला विचारतात की हे कर्ज तुम्हांला कर्ज वाटते की नाही? सावकाराचे देणे चुकवताना जो माणूस अब्रूला भितो, त्याला पत्राचे देणे बुडवताना काहीच कसे वाटत नाही? शीर्षकातील 'लौकिक' हा शब्द नेमका आहे. पत्र चालवणे हे पुण्यकर्म आहे आणि त्याचे फळ परलोकी मिळेल, असा पवित्रा ते घेत नाहीत. हा व्यवहार आहे आणि तो व्यवहाराच्या नियमांनीच चुकता झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. भक्तीच्या परिभाषेत वाढलेल्या समाजाला नागरिकत्वाची परिभाषा शिकवणारा हा गद्यलेख आहे.

त्यांच्या मराठी गद्याची चर्चा आपल्याकडे फार थोडी झाली आहे. वाक्ये लांब, पण त्यांची पायरी सुटत नाही. कायद्याची काटेकोर परिभाषा आणि गावातली म्हण एकाच परिच्छेदात नांदतात. विरोधकाला 'आमचे मित्र' म्हणून संबोधायचे आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या युक्तिवादाचा पाया काढून घ्यायचा, ही लकब निबंधमालेच्या परंपरेतील वाचकाला ओळखीची वाटेल. विष्णुशास्त्र्यांनी मराठी गद्याला वादाची धार दिली असे आपण शिकवतो. ती धार पुढे कोणाच्या हाती गेली आणि कोणत्या कामी आली, हे शिकवायचे राहून जाते.

'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ रोजी बंद झाले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले, तेही देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली. पुढे कद्रेकर, सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी ते चालवले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. 'मूक', 'बहिष्कृत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध' हा नावांचा क्रम एखाद्या समाजाच्या आत्मप्रतीतीचा आलेख म्हणून अनेकांनी वाचला आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच्या शेजारी बंद पडण्याच्या तारखांचा दुसरा आलेखही ठेवला पाहिजे. पहिला आलेख चळवळ सांगतो, दुसरा बाजार सांगतो. आंबेडकरांची नजर या दुसऱ्या आलेखावरही होती आणि तेथूनच तिसरा प्रश्न निघाला.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात, डेक्कन सभेच्या विद्यमाने, न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त त्यांचे 'रानडे, गांधी आणि जिना' हे इंग्रजी व्याख्यान झाले. विभूतिपूजेवरील त्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. त्याच ओघात वृत्तपत्रांवरील अत्यंत कठोर टीका येते, हे मात्र पुष्कळदा नजरेआड होते. हिंदुस्थानातील पत्रकारिता पूर्वी व्यवसाय होती, आता तिचा व्यापार झाला, साबणाच्या कारखान्याला जेवढे नैतिक कर्तव्य असते तेवढेच तिला उरले, असे ते म्हणतात. लोकांना निःपक्षपणे बातमी देणे, लोकहिताचे धोरण निर्भयपणे सांगणे, मोठ्या पदावरील माणसाचेही चुकले तर त्याला चार शब्द सुनावणे, ही कामे सोडून एखादा नायक स्वीकारायचा आणि त्याची पूजा बांधायची हेच आता मुख्य काम झाले आहे. लॉर्ड सॅलिसबरी यांनी इंग्लंडमधील नव्या पत्रकारितेची केलेली थट्टा त्यांनी सांगितली आणि आपल्याकडील प्रकार त्याहीपुढे गेला असून येथे नायकाचा डंका पिटणारी पोरेच लिहीत आहेत, असे सुनावले. काही सन्माननीय अपवाद आहेत, पण ते फार थोडे आणि त्यांचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही, ही पुस्तीही जोडली.

रानड्यांच्या जयंतीला हे का सांगावे? रानडे विभूती नव्हते, त्यांच्यासाठी कोणी डंका पिटला नाही, म्हणून त्यांचा विचार मागे पडला, हा त्या भाषणाचा धागा आहे. नायक आणि त्याचे वृत्तपत्र एकमेकांना पोसतात आणि मधल्या मध्ये विचार उपाशी राहतो. १९२० मध्ये आंबेडकरांनी जातीचे वृत्तपत्र पाहिले होते. १९४३ मध्ये त्यांनी नायकाचे वृत्तपत्र पाहिले, आणि दोहोंचे मूळ एकच असल्याचे दाखवले. १९४५ च्या सुमारास परदेशी वाचकांसाठी केलेल्या लेखनात त्यांनी हिशेब पूर्ण केला. अस्पृश्यांना वृत्तपत्र नाही. काँग्रेसच्या बाजूची पत्रे त्यांना बंद आहेत. त्यांनी स्वतःचे काढावे म्हटले तर जाहिरातीच्या उत्पन्नाशिवाय पत्र टिकत नाही, जाहिराती व्यापाऱ्यांकडून येतात, आणि व्यापारी काँग्रेसशी बांधलेले. बातम्या पुरवणाऱ्या संस्थेतील नोकरवर्गही कोणत्या थरातला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जागा, माप आणि पैसा ही साखळी येथे पूर्ण होते. १९२० साली नाकारलेल्या एका जाहिरातीचा अर्थ पंचवीस वर्षांनी सिद्धान्ताच्या रूपाने समोर येतो.

या समीक्षेला मर्यादा नाहीत असे नाही. चळवळीच्या पत्रालाही नायक असतो, आणि 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांचा नायक कोण हे सांगण्याची गरज नाही. विभूतिपूजेविरुद्ध बोलणाऱ्याचीच विभूतिपूजा होण्याचा दैवदुर्विलास त्यांच्याही वाट्याला आला. पण १९४३ च्या व्याख्यानातील कसोटी त्यांच्या अनुयायांच्या पत्रांनाही लागू करावी, हे त्या व्याख्यानाशी सुसंगतच ठरेल. जी कसोटी आपल्या माणसांना लावता येत नाही ती कसोटी नव्हे, हे त्यांच्याच मापाच्या प्रश्नाने आपल्याला शिकवले आहे.

त्यांचे प्रश्न जुने झालेले नाहीत, याची साक्ष आकडे देतात. १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीतील अधिस्वीकृत पत्रकारांमध्ये दलित पत्रकाराचा शोध घेतला, तेव्हा त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. निर्णय घेणाऱ्या त्या जागांवर अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती नव्हती. २०१९ मध्ये इंग्रजी आणि हिंदी माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांची पाहणी झाली, त्यांपैकी १०६ पदांवर उच्च जातींतील व्यक्ती होत्या आणि अनुसूचित जाती-जमातींतील कोणीही नव्हते. मनोऱ्यातील जिन्याचे काम शंभर वर्षांनीही सुरू झालेले नाही, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

या लेखनाचे संशोधन झालेच नाही असेही नाही. गंगाधर पानतावणे यांनी 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा ग्रंथ लिहिला. रत्नाकर गणवीरांनी अग्रलेख संकलित केले. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. साधने ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. प्रश्न आपल्या वर्गाचा आहे. ज्या दिवशी 'दर्पण'कारांचा आणि 'केसरी'कारांचा तास होतो त्याच आठवड्यात 'मूकनायक'चे 'मनोगत' वर्गात मोठ्याने वाचले जावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

चामटोलीच्या त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला मी तो ग्रंथ दिला. त्याने तो आठवड्याभराने परत आणला आणि म्हणाला, "सर, यात त्यांनी दुसऱ्यांच्या पेपरातले काय काय वाचलेय ते बघा. जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत." मला वाटते, वृत्तपत्राचा टीकाकार म्हणजे काय, याची व्याख्या त्याने केली होती. आता वृत्तपत्रांच्या इतिहासाचा तास मी 'केसरी'ने न छापलेल्या त्या जाहिरातीपासून सुरू करतो.